दम धरा, उघडून राहिले

आमच्या वाचनालयातला संगणक चुकीचं बटण दाबलं की खडसावतो, ‘आसं कुठं आस्तं व्हय? नीट बघा जरा.’ फाईल सापडली नाही तर म्हणतो, ‘तुम्हीच ठिवली आसंल. मला काय इचारता?’ आणि रेंगाळला की पडद्यावर पाटी येते, ‘दम धरा, उघडून राहिले.’

ही करामत सोनकांबळे काकांची; वाचनालयाचे संगणक तेच सांभाळतात आणि पडद्यावरची वाक्यंही तेच बदलून घालतात. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले लेखनिक आणि नांदेडातले माझे वीस वर्षांचे शेजारी. त्यांचं सगळं काम ओपन सोर्सवर, म्हणजे कुणीही उघडून पाहावं, बदलावं, शेजाऱ्याला द्यावं अशा सॉफ्टवेअरवर. बाकी सगळा त्यांच्या लेखी ‘कुलपाचा माल’. मी नवा फोन घेतला तेव्हा पेढा तोंडात टाकत त्यांनी विचारलं, “तुमचा हाय, का वापराया दिला?”

“पैसे मोजलेत, काका!”

“पैसे तर किरायदार बी मोजतो की.”

देगलूरला त्यांच्या भाचीच्या लग्नात आहेरात टीव्ही आला, तर काकांनी त्याच्या अटींचा कागद पंगतीतच मोठ्यानं वाचायला घेतला. वरण थंड झालं. नवरदेव बिचारा प्रत्येक अटीला मान डोलवत होता.

गेल्या महिन्यात एका कंपनीचा माणूस वाचनालयात आला. पाच नवे संगणक फुकट, अट एकच, चालवायचे त्यांच्याच सॉफ्टवेअरवर. मी वाचनालयाचा सचिव, सहीला पेन उघडून बसलो होतो. काकांनी विचारलं, “ह्यातली वाक्यं मला बदलता येतात का?”

“नाही सर. पण बदलायची कशाला? शुद्ध मराठी आहे.”

“मग न्या वापस.”

मला भयंकर राग आला. एका माणसाच्या हट्टापायी पोरांनी जुन्या डबड्यांवर शिकायचं? दुसऱ्या दिवशी सकाळीच मी त्यांच्या घरी गेलो.

काकू संगणकावर पत्ते खेळत होत्या. दोन वर्षांपूर्वी त्यांना लकवा झाला. हात सावरला, वाचा गेली. त्याआधी गल्लीत कुणाची त्यांच्या तोंडाला लागायची छाती नव्हती. मी काकांशी तासभर भांडलो. शेवटी वैतागून उठलो.

काकूंनी खेळ बंद केला आणि पडदा माझ्याकडे वळवला. त्यावर ओळ आली होती, ‘निघाले का? च्या न घेता जाऊन तर दावा!’

मी तिथंच थांबलो. हे वाक्य मी त्याच उंबऱ्यावर काकूंच्या तोंडून शेकडो वेळा ऐकलं होतं.

“सगळं हिचंच बोलणं हाय,” काका म्हणाले. “जेवढं याद येतं तेवढं घालून राहिलो. वाचनालयात पोरं वाचून हसतात, ते मी घरी येऊन हिला सांगतो. तेवढंच हिचं गावाशी बोलणं. कुलपाच्या मालात हिला कुठं बसवू?”

इतकी वर्षं शेजारी राहून मला हे कळू नये, याची लाज वाटली. काका चहा टाकायला आत गेले. मी काकूंच्या शेजारी खुर्ची ओढली आणि कंपनीला नकाराचं पत्र लिहून काढलं.

पत्र जतन केलं, तशी पडद्यावर ओळ आली, ‘आता कसं शाण्यावानी वागले!’

मी काकूंकडे पाहिलं. त्या डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होत्या.