तात्यांची हातोडी

घोडेगावात भेटल्यावर लोक रामराम करतात. डॉक्टर तात्या गुडघ्यावर हातोडी मारतात. निवृत्त झाले, दवाखाना बंद केला, पण रबरी हातोडी सदऱ्याच्या खिशात राहिली. एकदा लग्नात त्यांनी चक्क नवरदेवाला खुर्चीवर पाय लोंबकळत ठेवायला लावलं. "तात्या, निदान वरमाला तर पडू द्या की राव!" कुणीतरी ओरडलं.

त्यांचं शास्त्र सोपं. मेंदू म्हणजे साहेब, मणक्यातून पायाकडे जाणारी नस म्हणजे शिपाई. "साहेबाची लाइन तुटली की शिपाई मोकाट. पाय ताठ, ठोकला की उसळतो. शिपाईच गेला तर शुकशुकाट. पाय लुळा, मांस झडलेलं, कितीबी ठोका." मग स्कूटरची किल्ली तळव्यावरून ओढायची. अंगठा खाली वळला तर ठीक. वर उठला तर बिघाड वरचा, साहेबाकडचा. तहसील कचेरीत कारकून असल्यामुळे मला हे लगेच पटलं.

पटलं, पण कळलं नाही.

माझे वडील, आबा, पाय ओढत चालू लागले होते. तात्यांनी ओट्यावरच हातोडी मारली. आबांचा पाय असा उसळला की समोरचा चहाचा कप अंगणात. सगळे हसले. "म्हाताऱ्यात लई दम हाय!" मीही हसलो. फक्त तात्या हसले नाहीत.

"भाऊ, हा दम न्हाई. मानेत साहेबाची लाइन दाबली गेलीय. उद्याच पुण्याला न्या."

एवढी जोरदार लाथ मारणाऱ्या माणसाला काय झालंय, असं म्हणून मी पाच महिने गुडघ्याला तेल चोळलं. पुढे मानेचं ऑपरेशन झालं. दुखणं तिथंच थांबलं, पण गेलेली चाल परत आली नाही. आबा आता चाकाच्या खुर्चीत असतात.

तात्या रोज संध्याकाळी येतात. आबांच्या तळव्यावरून किल्ली ओढतात. अंगठा रोज वर उठतो. काल न राहवून मी म्हणालो, "तात्या, त्या दिवशी मी हसलो होतो."

ते किल्ली पुसत राहिले. "आमच्या हिच्या गुडघ्याला मी वर्षभर मलम चोळलं, भाऊ. डॉक्टर असून. एकदाबी ठोकून बघितलं न्हाई."

मग चप्पल काढून त्यांनी पाय स्टुलावर ठेवला आणि किल्ली माझ्या हातात दिली.

"माझा बघ. घरी कोन हाय बघायला?"

मी किल्ली ओढली. अंगठा खाली वळला.

"खाली गेला, तात्या. ठीक आहे."

"नीट बघ. परत एकदा."

तिसऱ्यांदा ओढली तेव्हा ते अंगठ्याकडे बघतही नव्हते. डोळे मिटून बसले होते.