बंबकाकांची पॉपी

"बी गं बाई बारीक, जशी पापणीवरची धूळ,
हळू घाल पाणी, त्याला धरू दे गं मूळ…"

बंबकाकांची बायको असं गुणगुणत वाफ्याशी बसायची. काका नळी घेऊन जवळ आले, की गाणं अर्ध्यावर तोडून ओरडायची, "अहो, बी आहे ते, आग नाही!"

त्याला वर्षं लोटली. मागच्या थंडीत ती गेली. उरला एक डबा, आणि त्यात तिनं सुकवून ठेवलेली पॉपीची बोंडं. पॉपीचं झाड एका हंगामाचं. ते मरतं, बी तेवढं मागे ठेवतं. म्हणजे यंदा उगवली तर तिची फुलं राहणार, नाहीतर तिच्या पाठोपाठ तीही गेली!

पण बंबकाकांना कसली धास्ती! सगळा जन्म आगीच्या बंबावर काढलेला माणूस.

"पेटत्या इमारतीत शिरलोय मी! चार फुलं उगवायला काय लागतं?"

"बाबा, निदान अर्धं बी मागे ठेवा," मुलगी म्हणाली.

"अर्ध्या पाण्यानं आग विझते का कधी?"

"इथं आग कुठंय?"

"तेच म्हणतोय! मग तर सोपंच आहे!"

सगळी बोंडं फोडली. बी वाळूत कालवून वाफ्यावर भुरभुरलं. इथवर बायकोच्या शब्दाबाहेर गेले नाहीत. मग नळीच्या तोंडावर अंगठा दाबला, पाय रोवले आणि असा काही फवारा सोडला, की कुंपणावरच्या कावळ्याचीसुद्धा पापं धुऊन निघाली!

मग वाट पाहणं आलं. वाफा टकलासारखा लख्ख. काकांनी मुंग्यांवर संशय घेतला, चिमण्यांना दम भरला, आणि रोज आणखी जोरात पाणी मारलं. बाबा सकाळी उठतात, अंघोळ करतात, कशासाठी तरी बाहेर येतात, एवढंच मुलीला पुरे होतं.

आणि एक दिवस फुलं दिसली. लालभडक, नाजूक, वाऱ्यावर डुलणारी. पण कुंपणापलीकडे! खालच्या अंगाला, दादाच्या गटारीच्या काठानं!

दादा म्हणजे सख्खा थोरला भाऊ. घड्याळं दुरुस्त करायचा. एकदा त्याच्या स्टोव्हचा हातभर भडका उडाला. काका देवासारखे धावले. आग विझली, आणि तिच्याबरोबर दुरुस्तीला आलेलं प्रत्येक घड्याळही. तेव्हापासून अबोला. इतका, की बायकोला नेलं त्या दिवशीही दादा फिरकला नाही. मधे नुसतं तारेचं कुंपण, आणि माणूस आला नाही! तो काटा काकांच्या काळजात रुतून बसलेला.

"चोर! बी चोरलं माझं!"

"बाबा, पाणी उतारानं जातं. तुम्हीच पाठवलंत ते."

"पाठवलं ना? मग परत आणतो!"

दादा दुपारी झोपतो हे ठाऊक होतं. काकांनी शिडी लावली, कुंपणावर चढले आणि तारेत विजार अडकून उलटे लोंबकळले. आगीतून कितीएक माणसं खाली उतरवलेला हा गडी. त्याला उतरवायला मात्र कुणी नव्हतं. शेवटी विजारच फाटली, तेव्हा चिखलात पडले.

खुरप्यानं पहिलं रोप उपटलं. ते हातातच मान टाकून मेलं. पॉपीचं मूळ सरळ खोल जातं, हलवलेलं तिला सोसत नाही. हे बायकोला माहीत होतं, काकांना नाही. त्यांनी घाईनं दुसरं उपटलं. तेही गेलं. तिसरं, चौथं… जितकी मरत होती तितक्या जोरात हात चालत होता.

"अरे, थांब!"

दादा दारात उभा. काकांनी ऐकलंच नाही. दादा चपला न घालता चिखलात उतरला आणि त्यानं खुरप्यासकट त्यांचा हात धरला.

"सोड! तिची आहेत ही!"

"माहितेय मला कुणाची आहेत. म्हणून तर वाटीनं पाणी घालतोय. काठावर थोडी उरलीयत, धाकट्या. ती तरी राहू दे."

"तू सांगतोस? तू? ती गेली तेव्हा कुठं होतास? मेला होतास?"

दादानं हात सोडला नाही.

"आलो होतो," तो म्हणाला. "फाटकापर्यंत. तिला पोचवून सगळे आपापल्या घरी गेले होते, आणि तू एकटा अंगणात पाणी मारत होतास. फरशीवर. सारखं. काहीसुद्धा पेटलेलं नव्हतं रे. आत आलो असतो तर तू नळी खाली ठेवली असतीस, आणि त्यानंतरचं मला बघवलं नसतं."