नदीकाठची उजळणी

सिडनीत पॅरामॅटा नदीच्या काठी सकाळी सव्वासात वाजता कुणी खणखणीत आवाजात एकोणतीसचा पाढा म्हणताना ऐकलं, तर दचकू नका. ते आमचे खांबेटे काका. वय सत्त्याहत्तर, डोक्याला माकडटोपी, अंगात जावयाची जुनी हुडी, पायात पांढरेशुभ्र कॅनव्हासचे बूट. दोन पावलं मागे निर्मलाकाकू, पंजाबी ड्रेसवर मुलीचं जाडजूड जॅकेट घातलेल्या. काका म्हणणार, "एकोणतीस दुणे?" काकू पाऊल टाकत म्हणणार, "अठ्ठावन्न." "त्रिक?" "सत्त्याऐंशी." उत्तर चुकलं की एक पाऊल मागे. वाईट दिवशी ही जोडी पुलापासून बंधाऱ्यापर्यंत जायला पाऊण तास घेते, आणि मागचे सायकलवाले घंट्या वाजवून थकतात.

मला स्वतःला सकाळी चालायची अजिबात हौस नाही. जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने सांगितलं, शुगर बॉर्डरवर आहे, चाला नाहीतर गोळी घ्या. म्हणून निघालो. जून महिना, बाहेर पाच डिग्री, आणि इथली घरं अशी बांधलेली की आत चार. नदीवर धुकं, झाडांवर उलटी लटकलेली वटवाघळं, त्यांचा तो कुबट वास. पुण्यातला माणूस कुठे येऊन पडला, असं मनाशी म्हणत मी पार्कातल्या त्या फुकटच्या व्यायामयंत्रावर लटकून पाय हलवत होतो. समोर माकडटोपी येऊन उभी राहिली.

"पस्तीस," माकडटोपी म्हणाली.

"काय?"

"शंभरपैकी. काठावर पास. गुडघा वाकतोय तुमचा. मराठीच ना? तोंडावरून वाटलं."

ही आमची ओळख. तिसऱ्या दिवशी 'तुम्ही'चं 'तू' झालं आणि माझे गुण तीसवर आले.

काकांनी कराडच्या हायस्कुलात पस्तीस वर्षं गणित शिकवलं. रिटायर झाले, पण शाळा काही सुटली नाही. अख्खं पार्क म्हणजे त्यांचा वर्ग. हिरवळीवर संथपणे हात फिरवणाऱ्या चिनी आजी-आजोबांना पंच्याऐंशी गुण. "शिस्त आहे. बोलत नाहीत." शनिवारी पाच किलोमीटर पळणाऱ्या घोळक्याला चाळीस. "घाई फार. वाचून न बघता पेपर देतात." एकदा तर ते टायर उलटवत व्यायाम करणाऱ्या बूटकॅम्पमध्ये घुसले आणि त्या दंडावर गोंदवलेल्या ट्रेनरला म्हणाले, "फर्स्ट टेक अटेंडन्स." तो बिचारा म्हणाला, "नो वरीज, मेट." आता तो रोज हजेरी घेतो. खांबेटे म्हणता येत नाही, म्हणून काकांना 'मिस्टर के' म्हणतो, आणि काका टाचा जुळवून "प्रेझेंट!" म्हणतात.

हा सगळा खटाटोप एका परीक्षेसाठी होता. काकांची एकुलती एक मुलगी मीनल इथे नर्स आहे. आईवडिलांनी कायमचं इथे राहावं म्हणून तिने अर्ज केला होता, आणि आता व्हिसाची मेडिकल यायची होती. कराडला आता यांचं कुणी नाही. त्यात नियम असा, की दोघांपैकी एक नापास झालं तर दोघंही नापास.

मेडिकलमध्ये काय तपासतात हे मीनलने दहादा सांगितलं होतं. पण काकांचा विश्वास बसेना. "पोर्शन जाहीर करत नाहीत, म्हणजे काहीतरी मोठं आहे," म्हणायचे. मग ते पार्कातल्या प्रत्येक देशी म्हाताऱ्याला गाठायचे आणि जुनी प्रश्नपत्रिका काढायचे. "पाजी, आपको क्या पूछा?" सरदारजी म्हणाले, छातीचा फोटो काढला. एक गुजराती बा म्हणाल्या, खुर्चीवरून उठायला सांगितलं. झालं! दुसऱ्या दिवसापासून काकू बाकावरून वीस वेळा उठायच्या नि बसायच्या. मी म्हटलं, "अहो काका, काकूंना दम लागतो." तर म्हणाले, "परीक्षेला लागण्यापेक्षा आत्ता लागलेला बरा."

मला वाटायचं, काय छळतोय हा म्हातारा बाईला! अगदी राग यायचा.

मग एका सकाळी काका नळावर पाणी भरायला गेले होते. मी काकूंशेजारी बाकावर टेकलो. दोन महिने रोज भेटत होतो आम्ही. माझ्यासाठी कधीकधी डब्यात मेथीचा लाडू असायचा, शुगरला न सांगता खायला. काकूंनी माझ्याकडे बघितलं, गोड हसल्या आणि विचारलं, "तुम्ही कुणाकडचे?"

काका तरातरा आले. "थट्टा करते ती. अगं, शिरीष नाही का! चल, दुसरा पेपर." आणि माझ्याकडे न बघता सुरू झाले. "आज वार कोणता?"

"गुरुवार."

"मंगळवार. परत."

"मंगळवार."

"गाव कोणतं?"

काकूंनी नदीकडे बघितलं. "कराड. हा काय घाट."

"सिडनी. परत. पूर्ण वाक्यात."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना मेडिकलमध्ये डॉक्टर असले प्रश्नही विचारतात, हे त्यांनी कुणाकडून तरी काढलं होतं. पाढे, पावलं, उठाबशा, सगळं यासाठी चाललं होतं.

परतताना मी न राहवून बोललो. "काका, हे पाठ करून बरं होत नाही हो. मीनलला माहितीये?"

"थोडं विसरते एवढं माहितीये. मीनलला बाकीचे व्याप कमी आहेत का?" मग एकदम भडकले. "आणि तू मला शिकवू नकोस! सलग तीनदा नापास झालेली पोरं पास करून बाहेर काढलीत मी. उजळणी लागते, उजळणी! डोकं कुणाचंच वाईट नसतं."

एवढं म्हणून ते झपझप पुढे निघाले. आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या दिवसापासून मीही त्यात सामील झालो. काकू समोर आल्या की "गुड मॉर्निंग" ऐवजी मी विचारायचो, "काकू, पंतप्रधान कोण?" उत्तर बरोबर आलं की आम्ही दोघं शाळकरी पोरांसारखे खूश व्हायचो. मूर्खपणा होता, कळत होतं. पण सुधारणा दिसत होती हो! शेवटच्या आठवड्यात काकू एकदाही चुकल्या नाहीत.

मेडिकलच्या दिवशी मीनलची शिफ्ट होती, म्हणून मी गाडी काढली. काका कोट घालून आले होते. काकूंच्या केसांत काकांनी स्वतः माळलेलं फूल, जरा तिरकं. काकांची तपासणी आधी झाली. डॉक्टरबाई म्हणाल्या, तुमचं हृदय पन्नाशीचं आहे. एरवी हे वाक्य काकांनी पार्कभर मिरवलं असतं. त्या दिवशी ऐकलंसुद्धा नाही.

मग काकू. फोनवर मराठी दुभाषी बाई होती. मी दाराशी खुर्ची घेऊन बसलो. पहिल्याच प्रश्नाला काकांचे ओठ हलायला लागले. डॉक्टरबाईंनी अगदी नम्रपणे त्यांना खुर्ची वळवून बसायला सांगितलं. पस्तीस वर्षं पोरांना कोपऱ्यात उभं करणारा मास्तर भिंतीकडे तोंड करून बसला.

"आज वार कोणता?" "आज बुधवार आहे." "आपण कुठल्या शहरात आहोत?" "आपण सिडनी शहरात आहोत." महिना, ऋतू, सगळं पूर्ण वाक्यात. भिंतीकडे तोंड असलं तरी काकांची पाठ ताठ होत गेलेली मला दिसत होती. आता जिंकतात, असं मलाही वाटलं.

डॉक्टरबाई हसल्या. टाईप करता करता त्यांनी काकांकडे मान वळवून सहज विचारलं, "आणि तुमच्यासोबत हे कोण आलेत?"

काका वळले. काकूंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. ओढणी सावरली आणि चटकन उठून उभ्या राहिल्या.

"आमचे सर," त्या म्हणाल्या. मग डॉक्टरबाईंकडे झुकून, आवाज खाली आणून, "फार कडक आहेत. पण मारत नाहीत."

फोनमधल्या बाईने ते इंग्रजीत सांगितलं.

आम्ही परत निघालो. काकू मागच्या सीटवर फूल कुरवाळत होत्या. पार्कच्या सिग्नलला थांबलो तेव्हा काका म्हणाले, "तो प्रश्न मी कधी घेतलाच नाही रे. बावन्न वर्षं झाली लग्नाला. हे कुणी विचारेल, असं वाटलंच नाही." आणि रुमाल तोंडावर धरून ते रडले. मी सिग्नल हिरवा होऊनही तसाच बसून राहिलो.

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. आणखी तपासण्या झाल्या, मग नकार आला. सप्टेंबरअखेर दोघांनी परत जायचं ठरलं. मीनलने माझ्याकडे रडून घेतलं. मी तिला आधीच सांगायला हवं होतं, हेही म्हणाली. बरोबरच होतं तिचं.

दहा दिवस पार्कात पाढे ऐकू आले नाहीत. बूटकॅम्पवाल्याने दोनदा विचारलं, "वेअर्स मिस्टर के?" अकराव्या दिवशी काकू बाकावर एकट्याच बसलेल्या दिसल्या. काका काही अंतरावर उभे होते, माकडटोपी हातात घेऊन, केस विंचरून. मी हाक मारणार तेवढ्यात ते पुढे झाले आणि बाकासमोर उभे राहिले.

"नमस्कार. मी खांबेटे. हायस्कुलात गणित शिकवतो."

काकूंनी मान वर केली. "मी निर्मला जोगळेकर."

"सकाळी हवा छान असते. थोडं चालायला येता?"

काकू लाजल्या. पंचाहत्तरी ओलांडलेली बाई इतकी लाजू शकते, मला माहीत नव्हतं. "घरी विचारावं लागेल," त्या म्हणाल्या.

"अवश्य विचारा. मी थांबतो."

आणि म्हातारा खरंच थांबला. थंडीत, उघड्या डोक्याने, हात मागे बांधून. सायकलवाले गेले, पळणारे गेले. काकू नदीकडे बघत बसल्या होत्या. मी झाडाआड उभा होतो, कारण माझे डोळे काही आवरत नव्हते.

बऱ्याच वेळाने काकू उठल्या.

"बाबा हो म्हणाले," त्या म्हणाल्या. "पण लवकर परत यायचंय."