चार बळकट नावं आणि एक नाजुका

ताणून पाहिल्याशिवाय मी कशावरही विश्वास ठेवत नाही. धंदाच तसा आहे माझा. बंदराजवळच्या कारखान्यात मी जहाजांचे दोरखंड तपासतो. दोराची दोन्ही टोकं यंत्राला अडकवायची, तुटेपर्यंत खेचायचा आणि कुठे तुटला ते बघायचं. दिसायला अजगरासारखे दोर बघता बघता मान टाकतात. मग पोटच्या पोरीचं नाव मी न तपासता ठेवीन? शक्यच नाही!

पोरीला जन्माची घाई झाली होती. आली ती एवढीशी. इतके दिवस दवाखान्यात काचेच्या पेटीत होती आणि रडायची तीही शेजाऱ्याची झोप मोडू नये अशा बेताने. तिला हातात घ्यायची मला भीती वाटायची, खोटं कशाला बोलू? त्यात माझी मोठी मेहुणी, म्हणजे आक्का. त्यांनी पेटीत डोकावून बघितलं आणि नाव काढलं, "नाजुका."

आधीच पोर तोळामासा, त्यात हे नाव!

बायकोने दवाखान्यातून फोनवर निकाल दिला. "आज आक्का आम्हाला गाडीतून घरी आणतेय. तोवर दुसरं नाव ठरलं तर ठीक, नाहीतर नाजुका पक्कं. आणि खोली झाडून ठेव."

खोली राहिली बाजूला. नावं माझ्याकडे तयार होती. कारखान्यात दोर न्यायला देशोदेशीचे खलाशी येतात. गेले काही दिवस मी भेटेल त्याला एकच विचारत होतो, तुमच्यात ताकदीचा अर्थ असलेलं मुलीचं नाव कुठलं? माणसं खूश होऊन सांगायची. कुणाच्या आजीचं नाव निघायचं, कुणाच्या बायकोचं, आणि पाठोपाठ तिने कुणाला कसं सरळ केलं त्याची गोष्ट. स्वाहिली बोलणाऱ्या एकाने सांगितलं इमारा, म्हणजे भक्कम. जर्मन स्वयंपाक्याने आपल्या आजीचं दिलं, मटिल्डा, लढाईतलं बळ. एका मिस्त्रीने दिलं व्हॅलेंटिना, मूळ लॅटिन, अर्थ धडधाकट. चौथं मी घरचंच घेतलं, ओजस्विनी. जगभर कुठेही जा, आईबाप बाळाकडे बघून एकच मागणं मागतात, याचं मला मोठं नवल वाटलं.

आता तपासणी. नावाचा खरा ताण म्हणजे आईची हाक. आमच्या तिसऱ्या मजल्यावरून मारलेली हाक जिन्यातून अंगणापर्यंत अख्खी पोचली पाहिजे. मी कठड्याला टेकलो आणि छाती भरून ओरडलो.

"मटिल्डा!"

पोचलं. मग इमारा. मग व्हॅलेंटिना, तेही दोनदा, कारण वळणावर शेपूट अडकल्यासारखं वाटलं. ओजस्विनी मात्र दुसऱ्या मजल्यावरच तुटायचं, खाली नुसतं "विनी" जायचं. आपल्या घरचं नाव हरतंय म्हटल्यावर मी इरेला पेटलो. सहाव्या का सातव्या खेपेला नाव पोचलं, पण माझा घसा बसला. बसला म्हणजे कायमचा मुक्काम ठोकल्यासारखा बसला. तोंडातून फक्त हवा.

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त कवायत मास्तर वर आले.

"कोण हरवलंय?"

मी मान हलवली. नाही.

"सापडत नाहीत म्हणता? चारही?"

मी घशाकडे बोट दाखवलं. मास्तरांचे डोळे पाणावले. "आवाज जाईपर्यंत हाका मारल्यात हो तुम्ही. मांजरी का? केवढ्या आहेत?"

बाळाबद्दल सांगावं म्हणून मी दोन्ही हात पुढे धरले, एवढीशी आहे. त्या हातांमधलं अंतर बघून माझं मलाच भरून आलं.

"अरेरे, पिल्लंच आहेत," मास्तर म्हणाले आणि शिट्टी फुंकत खाली गेले.

पुढचं काही माझ्या हातात राहिलं नाही. मास्तरांनी बिऱ्हाडागणिक एक माणूस काढून अंगणात रांग लावली. तळमजल्यावरचा शिंपी गळ्यातल्या टेपसकट पाण्याच्या टाकीखाली शिरला. पहिल्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी पायरीपायरीवर दुधाच्या वाट्या मांडल्या. मी प्रत्येकाचा हात धरून खुणा करत होतो आणि जो तो माझी पाठ थोपटत होता. "धीर धरा, जातात कुठे?"

अशात फाटकाशी आक्कांची गाडी आली. मास्तर आडवे आले.

"गाडी पुढे आणायची नाही. चार लहान जीव चाकाखाली येतील."

"बाजूला व्हा, आमचं बाळ आहे गाडीत," असं म्हणत आक्कांनी हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला.

आणि आमची पोर रडली. ते दवाखान्यातलं रडणं नव्हे. जिन्यातून तिसऱ्या मजल्यापर्यंत घुमत गेलं. शिंप्याने दचकून टाकीवर डोकं आपटून घेतलं. मास्तरांनी कान झाकले. मी पळत जाऊन तिला उचललं, जराही न भिता, आणि ती माझ्या कानात कोकलत असताना मी हसत होतो आणि रडतही होतो.

"नाव ठरलं का?" बायकोने विचारलं.

मी तोंड उघडलं. हवा.

तेवढ्यात नर्सबाई आल्या. दुधाच्या वासाने चार भटक्या मांजरी आल्या होत्या. दोन त्यांच्या काखेत, दोन पायांत.

"मिळाल्या हो तुमच्या! ही बोक्यासारखी दिसते ती मटिल्डा ना? लंगडी इमारा. ही व्हॅलेंटिना आणि ही विनी."

अख्ख्या बिल्डिंगने टाळ्या वाजवल्या. आक्कांनी बायकोकडे बघितलं, बायकोने माझ्याकडे. "नावं मांजरींना ठेवलीस?"

नाही म्हणायला आवाज होता कुठे? आता घसा बरा आहे, पण उपयोग काय? आमची लेक नाजुका आहे. शिंपी सांगतो, ती रडायला लागली की जगभरातल्या त्या चारही बलदंड बायका शेपट्या आवळून टाकीखाली जाऊन बसतात.