मोएलांगीबाईसाहेबांची दिग्दर्शनाची मोहीम व उईलीकाकांची आज्ञाधारकता

समुद्रवलयांकित उपोलू बेटींचें वर्तमान थोर मंडळींचे सेवेसी निवेदन करितों ऐसें जे, मोएलांगीबाईसाहेब ऐन जवानींत गांवच्या मुख्य नर्तकी होत्या, आणि शिंपल्यांचा उंच मुकुट घालोन त्या उभ्या राहिल्या म्हणजे शेजारगांवची मंडळी घांस हातीं धरोन बसत. मग दैवयोगें गुडघ्यानें फितुरी केली. तेव्हां बाईसाहेब ऑकलंड मुलखीं जावोन दिग्दर्शनाचा इल्म हासिल करोन परतल्या, आणि नव्या सभागृहाच्या उद्घाटनाचा जलसा त्यांचे हातीं सोंपविला गेला. गांवांत कुजबूज ऐसी जे, नाचणें निराळें आणि नाचविणें निराळें. बाईंस हें फार लागलें. जलसा फसता तर पुन्हां कोणी पाचारतें ना.

मग फर्मान सुटलें: शेवटचा नाच भाची सिएनी एकटी नाचेल; भोंवतीं माकडचाळे करणारे वडीलधारे बिलकूल बंद; जो रंगमंचीं पाऊल ठेवील तो गुन्हेगार. वास्तविक त्या मुलखीं रिवाज ऐसा जे, मुख्य नर्तकीनें संथ नाचावें, आणि वडील मंडळींनीं सभोंवतीं आरोळ्या द्याव्या, उड्या माराव्या, जमिनीवर लोळावें, जेणेंकरून तिचा डौल दुणा दिसे. परंतु ऑकलंडचे इल्मापुढें रिवाजाची काय मातब्बरी!

जलशाची संध्याकाळ आली. पाहुणे नारळाच्या दुधांतील पालुसामी चापोन स्थानापन्न जाहले, आणि सिएनी मुकुट घालोन मध्यभागीं आली, आणि सर्वत्र सन्नाटा. कोणी हूं का चूं करीना. पोरीस वाटलें, आपलेंच कांहीं चुकलें. हात आखडले, पाय थिजले. लोळण्याच्या विद्येंतील सरदार जे उईलीकाका, त्यांजवर बाईसाहेब पडद्याआडून खेंकसल्या:

"काका, बघताय काय? जा ना, लोळा!"

काकांनीं हाताची घडी सोडली नाहीं. "छे गं बाई! तुझाच हुकूम आहे. म्हातारपणी गुन्हेगार कुठे होऊ?"

"अहो, पोर रडेल आता!"

"मग तू जा. दिग्दर्शकाला कोण अडवतंय?"

मग बाईसाहेबांनीं जोडे भिरकाविले, आणि फितूर गुडघ्यासह रंगमंचीं उडी घेतली, आणि "चिहूऽऽ!" ऐसी आरोळी देवोन, नव्या काळ्या पोशाखाची तमा न बाळगितां सिएनीच्या पायांशीं गडबडां लोळल्या. सिएनीस हंसूं फुटलें, हात आपसूक उचलले गेले, आणि सभागृह गर्जोन उठलें. काका तरी मग मागें राहतात कशाला. येवोन शेजारीं आडवे पडले.

"सरक जरा," काका म्हणाले. "ही माझी जागा. तू नाचायचीस तेव्हा मी इथंच असायचो, तुझ्या डाव्या पायाशी."

बाईसाहेबांनीं इतकीं वर्षें खालीं कधीं पाहिलेंच नव्हतें. त्यांचे डोळे भरोन आले, आणि त्या निमूट सरकल्या.

येणेंप्रमाणें मोहीम फत्ते जाहली. यश सिएनीचे नांवें नोंदलें. बाईसाहेबांची नेमणूक लोळणारांचे पथकांत, काकांचे हाताखालीं, कायम जाहली, आणि तो हुद्दा त्यांनीं खुशीनें कबूल केला.