मुनीरभाईंचा पडदा

ओला मोबाईल तांदळात ठेवला की सुकतो, हे मी ऐकून होतो. आमच्या घरी तांदूळ होता दीड किलो आणि ज्वारी होती दीड क्विंटल. म्हणून मी लॅपटॉप ज्वारीत पुरला.

तो ओला कसा झाला हे तुम्ही विचारणारच, म्हणून सांगून टाकतो. घरात लग्नाची साफसफाई चालली होती. लॅपटॉप कळकट दिसत होता. मी ओल्या फडक्यानं पुसला. फडकं पिळायचं राहिलं, एवढंच.

दोन दिवसांनी तो ज्वारीच्या कोठीतून बाहेर काढला आणि बटण दाबलं. कंपनीचं नाव आलं, त्याखाली पांढरे ठिपके गोल गोल प्रदक्षिणा घालू लागले, आणि पडदा काळा झाला. पुन्हा नाव, पुन्हा प्रदक्षिणा, पुन्हा अंधार. मी जिद्दीचा माणूस आहे. तीस वेळा तरी चालू केला असेल.

मुलीचं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. लग्न लातूरला, मुलाकडच्यांच्या गावात, आणि आमंत्रणाची सगळी यादी त्या लॅपटॉपमध्ये. यादी बायकोची, टायपिंग माझं. नुसती नावं असती तर पुन्हा लिहिली असती. पण यादीत शेवटी ‘विशेष’ नावाचा एक रकाना होता. कोणाला आधी फोन आणि मग पत्रिका, कोणाकडे जोडीनंच जायचं, कोणाच्या घरात कोणाचं नाव काढायचं नाही, असं दोन्हीकडच्या खानदानाचं रुसव्या-फुगव्याचं शास्त्र तिनं तीन महिने फोन करकरून त्यात भरलं होतं. “अहो, एकदा कागदावर काढून ठेवा,” असं ती म्हणालीही होती. मी म्हणालो होतो, “कागद हरवतो. लॅपटॉपमध्ये कसं, बिनघोर.”

आमच्या ऑफिसातल्या एकानं मला नांदेडच्या इतवाऱ्यात लॅपटॉप-दुरुस्तीचं दुकान असलेल्या मुनीरभाईंचा पत्ता दिला. “डाटा मिळेल,” तो म्हणाला, “पण डोकं शांत ठेवून जा.”

मुनीरभाई साठीचे, किडकिडीत, मेंदी लावलेली दाढी. मी लॅपटॉप पुढं ठेवला तर त्याला हातच लावीनात.

“मालक कोण?”

“मी.”

“मशीनचं न्हाई विचारून राहिलो, साहेब. आतल्या मालाचा मालक.”

मी यादीचं सांगितलं.

“मग भाभीला घेऊन या. मालक नसताना दुसऱ्याच्या घरात मी पाय ठेवत न्हाई.”

मी म्हणालो, अहो, नवरा आहे मी तिचा. ते म्हणाले, “हाव. म्हणूनच म्हणलं.”

दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन गेलो. मुनीरभाईंनी तिला खुर्ची दिली, मला स्टूल. मग लॅपटॉपच्या मागे स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवलं, मूठ स्वतःच्या कानाला लावली आणि डोळे मिटले. म्हणाले, “चालू करा.” मी चालू केला. त्यांनी लगेच हात वर केला.

“बस! बंद करा. किती वेळा चालू केला घरी?”

“दोन-चार वेळा.”

“तीस वेळा,” बायको म्हणाली.

“साहेब, दम लागलेल्या माणसाला तीस वेळा जिना चढायला लावला तुम्ही.” त्यांनी बायकोकडं बघून मान हलवली. तिनंही हलवली. मी वायरी बघू लागलो.

मुनीरभाईंच्या तोंडी ‘खराब’ हा शब्द नाही. मशीन थकतं, घाबरतं, फार तर रुसतं. एखाद्या गिऱ्हाइकानं “मेला का हो हा?” असं विचारलं की ते लॅपटॉप झाकून ठेवतात आणि हळूच म्हणतात, “त्याच्यासमोर नका बोलू.” घाई करणाऱ्याला ते चहा पाजतात. तरीही घाई केली तर दुसरा चहा पाजतात. तिसऱ्या चहापर्यंत घाई टिकवलेला माणूस अजून नांदेडात जन्माला यायचाय, असं त्यांचं म्हणणं.

त्यांनी लॅपटॉप उलटा करून मागचं झाकण उघडलं. आतून टेबलावर टपटप ज्वारी पडली. मागोमाग कडुनिंबाचं एक वाळलेलं पान. धान्याला कीड लागू नये म्हणून बायको कोठीत टाकते ते. आणि सगळ्यात शेवटी एक सोंडकिडा बाहेर आला, दोन पावलं चालला आणि आमच्याकडं बघत थांबला.

मुनीरभाईंनी चष्मा वर केला. “चाळीस वर्सं झाली. आधी रेडिओ, मग टीव्ही, आता हे. लई काय काय निघालं आतून. झुरळं निघाली, पाल निघाली. पण पेरणी केलेला मशीन पहिला.”

बायको पदरात तोंड घालून हसत होती. तीन दिवसांत पहिल्यांदा हसली, म्हणून मीही हसलो.

त्यांनी आतली डिस्क काढली, पुसली, वायर लावून आपल्या कॉम्प्युटरला जोडली. आणि मग एक अजब प्रकार केला. टेबलाखालून पुठ्ठ्याचा एक मोठा तुकडा काढला आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर बसवला. सगळा पडदा झाकला गेला. पुठ्ठ्याला खाली दोन बोटं रुंद अशी एक फट कापलेली. त्या फटीतून फक्त हिरवी पट्टी दिसत होती, माल किती आला ते सांगणारी.

“हे काय?” मी विचारलं.

“पर्दा. मला पट्टीशी मतलब. लोकांचे फोटो, चिठ्ठ्या, लेकीबाळी... ते मी का बघू?”

हिरवी पट्टी गोगलगायीसारखी सरकत होती. मधेच थांबायची. ती थांबली की बायको पुटपुटायची, “अर्धापूरचे मामा... काय होतं बाई त्यांचं?” तिला ते आठवत नव्हतं. तिचा चेहरा उतरला. यादी आली नाही तर काय होणार ते मला तेव्हा नीट कळलं. चार लोक जेवायला कमी येतील, हा प्रश्न नव्हता. तिनं मोठ्या कष्टानं जमवत आणलेली माणसं माझ्या एका फडक्यापायी पुन्हा फुटणार होती. आणि त्यांची समजूत घालत तीच फिरणार होती.

“घाबरू नका, भाभी,” मुनीरभाई डिस्कवर हात ठेवून म्हणाले. “अजून बोलून राहिली ती. हळू बोलून राहिली, इतकंच.”

दोन चहा झाले. ते दुपारच्या नमाजाला जाऊन आले. पट्टी टोकाला लागली. मुनीरभाई उठले आणि आमच्याकडं पाठ करून भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. “आता पर्दा काढा, भाभी, आणि आपली यादी उघडून बघा. मी न्हाई बघत.”

मी पुठ्ठा काढला, बायकोनं फाईल उघडली. यादी आली होती. ‘विशेष’सकट. बायको मोठ्यानं वाचतच सुटली. “अर्धापूरचे मामा, जाताना केळी घेऊन जाऊ नये, त्यांच्याच केळीच्या बागा आहेत, अपमान समजतात! देगलूरच्या वन्सं, ‘साडी राहू द्या’ म्हणतील, राहू द्यायची नाही! मुदखेडचे काका, आधी फोन, मग पत्रिका, उलट झालं की संपलं!”

भिंतीकडं तोंड केलेल्या मुनीरभाईंचे खांदे हसून हलत होते.

“वळा आता, भाई,” बायको म्हणाली. “आमच्यात लपवण्यासारखं काय राहिलं नाही. पण खरं सांगा, हा पर्दा पहिल्यापासून आहे?”

“न्हाई.” ते वळले. पुठ्ठा हातात घेऊन त्याच्या कडा बोटानं सारख्या करत राहिले. “चार वर्सांमागं एका गिऱ्हाइकाचा असाच मशीन आला. लातूरचं लगन होतं त्यात. हजारभर फोटो. एकेक सरकून राहिला होता माझ्यासमोर. एका फोटोत पंगत बसलेली आणि तिथं माझा भाऊ. रफीक. धाकटा. लातूरला शिलाईचं दुकान हाय त्याचं, गंजगोलाईजवळ. केस सगळे पांढरे. काठी टेकवलेली बाजूला. हसून राहिला होता कोणाशी तरी.”

“मग?”

“मग काय. बारा वर्सांनी बघितला. अब्बा गेल्यावर ह्या दुकानाच्या पाटीवर पहिलं नाव कोणाचं, त्याच्यावरून बिघडलं आमचं.” त्यांनी दाराबाहेर हात केला. “जाताना बघा पाटी. कोणाचंच नाव न्हाई.”

“फोटो ठेवून घेतला असेल ना तुम्ही?” मी विचारलं.

“दुसऱ्याचा माल हाय तो, साहेब.” ते जरा रागावलेच. “पण त्या दिवशी काम हळू केलं. पुन्हा पुन्हा तोच फोटो तपासला. आला का बरोबर, आला का बरोबर... संध्याकाळी मशीन देऊन टाकला. दुसऱ्या दिवशी हा पुठ्ठा कापला. म्हणलं, परत दिसला तर काठीच्या जागी खाट दिसल, का फोटोला हार, काय सांगता येतं?”

मग ते घाईनं टेबलाकडं वळले आणि सांडलेली ज्वारी एका पुडीत भरू लागले. निवडून, एकेक दाणा. “ही घेऊन जा. भाकरी होईल एक.”

घरी आल्यावर मी सगळ्यात आधी यादी छापून आणली, दोन प्रती. तिनं चष्मा लावला, पेन घेतलं आणि शेवटच्या पानावर खाली दोन ओळी लिहिल्या. मग माझ्याकडं बघून म्हणाली, “मुनीरभाईंना पत्रिका आपण इथं देऊ, जोडीनं. लातूरला हॉल बघायला जाऊ तेव्हा त्या रफीकभाईंना देऊ. एकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही. आणि तुम्ही तर दोन्हीकडं नुसता चहा प्यायचा, तोंड उघडायचं नाही.”