कर्नेल कुठं ठेवायचं

संगणकानं इन्स्टॉल करताना काही विचारलं की सगळं जग न वाचता एंटर दाबतं. आमचे नाना मात्र चष्मा काढत, खुर्ची मागं सरकवत आणि त्या पडद्याला अहिराणीत म्हणत, "थांब. घाई काय शे?"

नाना म्हणजे धुळ्याच्या आमच्या कॉलेजातल्या संगणक लॅबचे इन्चार्ज. रोज अमळनेरहून एसटीनं येत. मी तिथं शिकवायचे. नव्वदीच्या अखेरीस लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची सीडी हाती लागली आणि बारा मशीनवर ते टाकायचं ठरलं. नाना अडले एकाच प्रश्नावर, कर्नेल कुठं ठेवायचं? कर्नेल म्हणजे मशीन सुरू होताना सगळ्यांच्या आधी उठणारी फाइल. ती सापडली नाही तर पुढचं काहीच हलत नाही.

मी म्हटलं, "नाना, सीडी सुचवते तिथं ठेवा की."

"मशीन बिघडल्यावर सीडी येणारे का शोधायला?"

मग त्यांनी परीक्षाच मांडली. एकेकाला धरून आणायचं, खुर्चीत बसवायचं आणि विचारायचं, "कर्नेल हरवलंय. तुम्ही आधी कुठं पाहाल?" उत्तर वहीत. लायब्ररीच्या बाई सुटल्या नाहीत, कॅशियर सुटले नाहीत. कीबोर्डला कधी हात न लावलेले शिपाई रऊफभाई तेवढे सरळ म्हणाले, "चालू करायलाच लागतं ना ते? मग दाराजवळ असेल."

नानांनी त्यांना चहा पाजला. डिस्कच्या अगदी सुरुवातीला छोटा कप्पा पाडला, त्याला 'बूट' नाव दिलं आणि बाराही मशीनवर कर्नेल तिथंच ठेवलं. शेजारी अडीनडीला आणखी एक प्रत. यात चार दिवस गेले. प्राचार्य चिडले, तेव्हा नाना म्हणाले, "साहेब, एखाद्या दिवशी मला येता नाही आलं तर बठ्ठं काम या मॅडमवर पडेल. त्यांना शोधत बसायला नको."

मला राग आला. मला काय काहीच येत नाही?

प्रॅक्टिकलच्या दिवशी नाना खरंच आले नाहीत. बाहेरचे परीक्षक येऊन बसलेले, मुलं रांगेत, आणि सात नंबरचं मशीन उठेना. आदल्या दिवशी मीच त्यावर नवं कर्नेल टाकून शहाणपणा केला होता. पण फ्लॉपीवरून मशीन उठवलं, 'बूट'मध्ये गेले, तर नानांची प्रत जागेवर हजर. दहा मिनिटांत काम झालं. परीक्षकांनी विचारलं, "सगळी मशीन इतकी एकसारखी कुणी लावली?" मी मान ताठ करून सांगितलं, "आमच्या नानांनी."

संध्याकाळी हेच सांगायला अमळनेरला गेले. घरात पाहते तर साखरेचा डबा देवघरात, चहाची पूड आरशाखाली, कपबशा खिडकीत. मला हसू आलं. नानांनी स्वयंपाकघरातल्या आपल्या बायकोकडे, काकूंकडे पाहून आवाज खाली आणला.

"दोन वर्षं झाली, हिला काही आठवत नाही. आज सकाळी साखर सापडली नाही म्हणून रडत बसली. तिला सोडून कसा येऊ? मी रोज बघत असतो, ती आधी कुठं शोधते. मग डबा तिथं नेऊन ठेवतो."

तेवढ्यात काकू ट्रे घेऊन आल्या. इतका अभिमान मी नानांच्या चेहऱ्यावर लॅबमध्येही पाहिला नव्हता.

"बघा मॅडम, हिनं एकटीनं चहा केलाय. मी एका शब्दानं सांगितलं नाही."

चहा इतका गोड होता की ओठ चिकटले. मी काकूंकडे आणखी एक कप मागितला.